जात्यापाशी बसलेले मन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी विद्वान वक्ता बोलवावा अशी आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडली आणि घरच्याच माणसाने बोलावे असे ठरवून मला उभे केले. विषय मात्र त्यांनी विद्वानांचाच दिला : यंत्रे, माणसाची प्रतिभा आणि माणसाचे वागणे. मी तीस वर्षे डोंबिवलीहून गाडीने कचेरीत गेले. यंत्रांशी माझी ओळख म्हणजे कचेरीतले टंकलेखनयंत्र, त्याच्या जागी पुढे आलेला संगणक, घरचा मिक्सर आणि आता हातातला फोन. तेव्हा मोठमोठ्या शोधांविषयी मी काही सांगू लागले तर ते आपणांस शोभणार नाही आणि मलाही. म्हणून आपणां सर्वांच्या आज्यांच्या घरी जे यंत्र होते त्यापासूनच सुरुवात करते. ते यंत्र म्हणजे जाते.

जात्याला यंत्र म्हटले म्हणून हसू नका. दोन दगडी तळ्या, मध्ये खुंटीचा आस, वर धरावयास लाकडी खुंटा, आणि वैरण घालावयास मधले तोंड. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावयाची. एवढ्या साध्या रचनेवर महाराष्ट्रातल्या किती पिढ्या जेवल्या! ह्या यंत्राचा एक गुण असा की ते हात गुंतवी, पण मन मोकळे ठेवी. पहाटेची वेळ, घरातली माणसे झोपलेली, समोर बसली तर एखादी जाऊ किंवा नणंद, आणि दगडाची एका लयीतली घरघर. त्या घरघरीच्या आडोशाला बाई जे बोलेल ते ओसरीवर ऐकू जात नसे. दिवसभर जिने मान वर करून बोलावयाचे नाही, ती त्या वेळी गात असे. ती दगडालाच देव म्हणे, त्यालाच माहेर विचारी, त्याच्याशीच भांडे. ओवी ही अशी जन्माला आली. कोणी तिला शाळेत शिकविली नाही. दळण आणि गाणे एकाच हालचालीतून निघाले.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की यंत्र आणि प्रतिभा ह्यांचे हाडवैर आहे ही समजूत खरी नाही. यंत्र माणसाच्या मनासाठी किती जागा मोकळी सोडते हे पाहिले पाहिजे. जात्याने ती जागा सोडली होती.

पण आपण त्या जात्याचे फार गोडवेही गाऊ नयेत. माझ्या सासूबाई मुरबाड तालुक्यातल्या. त्यांचे लहानपण आणि लग्नानंतरची पहिली वर्षे जात्यावर गेली. त्यांच्यासमोर कोणी "जात्यावरच्या पिठाची चव काही औरच" असे म्हटले, की त्या म्हणतात, "चव खाणाराला. खांदे माझे दुखायचे." गावात इंजिनावरची आणि मग विजेवरची गिरणी आली तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती. पहाटेची दोन तास झोप त्यांना गिरणीने दिली, आणि ती झोप परत घ्यावी असे म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.

गिरणीने झोप दिली. ओवीची जागा मात्र तिने भरून काढली नाही. गिरणीच्या दारात डबा ठेवून नंबर लावावयाचा, तिथे पट्ट्याचा आवाज एवढा की शेजारणीचे बोलणे ऐकू येत नाही, मग गाणे कुठले? बायकांच्या मनातले बोलणे काही थांबले नाही. ते बोलण्याची वेळ आणि जागा गेली. आपल्या ह्या भागात तर हे फार लवकर झाले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. पुढे ठाकुर्लीला रेल्वेचे वीजघर झाले, गाड्या विजेवर धावू लागल्या, आणि गावाकडची माणसे चाळीत राहावयास आली. चाळीतल्या दोन खोल्यांत जाते कुठे मांडणार? माझ्या सासूबाईंचे जाते मुरबाडच्या घरी परसात उपडे पडले आहे. त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

आता हे बोलणे टिपून ठेवण्याच्या यंत्रांकडे येते. सर्वांत साधे म्हणजे कागद आणि पेन्सिल. बहिणाबाई चौधरी ह्या असोद्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या ओव्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त ह्यांनी त्यांतल्या काही उतरून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई वारल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. जवळच्या माणसाने पेन्सिल हाती धरली म्हणून ती कविता आपल्याला मिळाली. घरातल्या कोणी पेन्सिल हाती न धरलेल्या बहिणाबाई किती झाल्या असतील, त्याचा हिशेब कोणी करावा? साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावची गाणी छापवून घेतली, ते ह्याच जाणिवेने.

टपाल हेही असेच एक साधन. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहे. ३१ मार्च १८६५ रोजी त्या कल्याणात जन्मल्या, आणि त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतल्या नियतकालिकात छापले गेले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंना लिहिले. एकमेकींना कधी न पाहिलेल्या त्या दोघी पत्रांतून एकमेकींच्या चालीरीती, दुखणी आणि शंका विचारू लागल्या. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीने गेल्या त्या ह्याच मावशीच्या घरी उतरल्या, आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. बोटीने आणि टपालाने अंतर कमी केले हे खरे. पण एकीने मोकळेपणी लिहिले आणि दुसरीने मन लावून वाचले, म्हणून ओळख झाली. हे दोन्ही नसते तर टपालाच्या थैलीतून नुसते कागद गेले असते.

आता मुख्य उदाहरण सांगते, कारण ते आपल्या महाराष्ट्रातलेच आहे आणि पुष्कळांना ठाऊक नाही. गी पॉइटव्हॅ नावाचे एक गृहस्थ फ्रान्समधून येथे आले, भारताचे नागरिक झाले आणि पुण्यात राहिले. हेमा राईरकर ह्या त्यांच्या सहकारी. मुळशीच्या डोंगरी भागातल्या गरीब बायकांच्या संघटनेचे काम करता करता दोघांना असे आढळले की ह्या बायका सभेत बोलत नाहीत, पण जात्यावरच्या ओव्या म्हणा म्हटले की त्यांचे मन उघडते. मग त्यांनी ओव्या जमवावयास घेतल्या. प्रथम हातांनी वह्यांत. त्या लिहून घेण्यात गावातल्या कार्यकर्त्या बायकाही होत्या. पुढे बर्नार्ड बेल नावाचे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले. त्यांच्या मदतीने ओव्या संगणकात घातल्या गेल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात गावोगाव जाऊन सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका, असा तो संग्रह आहे. पॉइटव्हॅ २००४ मध्ये आणि हेमाताई २०१० मध्ये वारल्या. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी उभ्या केलेल्या 'पारी' ह्या ग्रामीण संग्रहाने पुढे तो हाती घेतला, आणि २०१७ च्या सुमारास त्या ओव्या आवाजासकट, गाणारीच्या नावासकट आणि गावासकट लोकांसमोर येऊ लागल्या.

ह्यात संगणकाने केले काय? त्याने एकही ओवी रचली नाही. त्याने त्या ओळीने लावल्या. कोणती ओवी कोणत्या विषयाची, कोणत्या गावची, कोणाची, हे त्याने लक्षात ठेवले. हेमाताईंच्या वर्गीकरणाची सुरुवातच सीतेच्या वनवासापासून होते. गावोगावच्या बायकांनी सीतेचे दुःख आपल्या शब्दांत गायिले आहे. जिने रामायणाची पोथी कधी हाती धरली नाही तिलाही सीता ही सासुरवाशीण म्हणून ठाऊक आहे. मुलगी जन्मली तेव्हा घर कसे गप्प झाले, भाऊ न्यावयास आला नाही, विठ्ठल मात्र सखा झाला, अशा ओव्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी तर बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या रचल्या आहेत; म्हणजे ओवी काही जुन्याच गोष्टी उगाळीत बसलेली नाही.

माणसाचे वागणे समजण्यास यंत्र उपयोगी पडते ते येथे. एका बाईने म्हटले, की ती तिची तक्रार ठरते. घरातली माणसे म्हणतात, "तिचा स्वभावच तसा." शंभर गावांतल्या बायकांनी एकमेकींना न विचारता तेच म्हटले आणि ते एका ठिकाणी वाचावयास मिळाले, तर मग स्वभावाचे कारण पुरत नाही, परिस्थितीकडे पाहावे लागते. हे शेजारी-शेजारी मांडण्याचे काम माणसाच्या स्मरणशक्तीबाहेरचे आहे, आणि ते संगणकाने केले.

मात्र तो मांडून थांबतो. पुढचे काम माणसाचे. हे मला पुस्तकात वाचून कळले नाही. मी एक चूक केली त्यावरून कळले. ती आज आपल्यापुढे सांगते.

२०२१ सालच्या टाळेबंदीत आम्ही सगळेच घरात कोंडलेले होतो. सासूबाई त्या वेळी ८४ वर्षांच्या. मी त्यांना आई म्हणते. एके दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या आपल्याशीच काही गुणगुणू लागल्या. इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकले नव्हते. मी हळूच फोन सुरू करून शेजारी ठेवला. त्यांनी पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. दोन-तीन दिवस हे चालले. मग एक ओवी आली. ती एका तान्ह्या मुलीविषयी होती. पावसाने नदीला पूर आला होता, पलीकडे वैद्य होता, आणि पूर ओसरेपर्यंत मूल राहिले नाही.

मी विचारले, "आई, ही कोणाची ओवी?" त्या म्हणाल्या, "माझी." आमच्या यजमानांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, हे त्यांच्या तिन्ही मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

भगिनींनो, त्या एका शब्दाने माझी चाळीस वर्षे उलटीपालटी झाली. मी लग्न होऊन १९८० साली डोंबिवलीत आले. तेव्हापासून पावसाळ्यात मला कचेरीतून यावयास उशीर झाला, की आई खिडकीत उभ्या असत. मी जिना चढून आले की त्या काही न बोलता आत जात. मला वाटे, सून कोणत्या गाडीने येते, कोणाबरोबर येते, ह्यावर ही पाळत आहे. २००५ च्या २६ जुलैला गाड्या बंद पडल्या, मी रात्रभर कचेरीत अडकले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलातून घरी पोचले. आई दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नोकरी नसती तर काय अडलं असतं?" ते वाक्य मी सोळा वर्षे मनात जपून ठेवले होते. माहेरी सांगितले, मैत्रिणींना सांगितले, ह्या मंडळातही एकदोघींना सांगितले असेल. ती पाळत नव्हती. पाऊस, वाढलेले पाणी आणि पलीकडे अडकलेले घरचे माणूस, ह्यांची भीती होती ती. त्यांनी ती दगडाला सांगितली होती. मला सांगावयास त्यांना शब्द नव्हते, आणि विचारावयास मला सवड झाली नव्हती.

हे ऐकून मी आईंच्या पायांपाशी बसावयास हवे होते. मी काय केले? माझे डोळे भरून आले, आणि त्याच भरात मी ती ध्वनिफीत फोनवरच्या आमच्या कुटुंबाच्या गटात पाठवून दिली. तासाभरात पुण्याहून, नाशिकहून, अमेरिकेहून टाळ्यांची चित्रे येऊ लागली. कोणी 'अप्रतिम' लिहिले. एका हौशी भाच्याने पाठीमागे बासरी घालून ती ओवी पुन्हा सगळ्यांना पाठविली. संध्याकाळी नातवाच्या फोनमधून आईंनी आपलाच आवाज बासरीसह ऐकला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मी दगडाला सांगितलं होतं. गावाला नव्हे."

त्यानंतर चार महिने त्या गायिल्या नाहीत. मी ती ओवी काढून टाकली, सर्वांना काढून टाकण्याची विनंती केली. बहुतेकांनी काढली असेल. सगळ्यांनीच काढली का, हे मला कधीच कळणार नाही. जात्याजवळ म्हटलेली ओवी हवेत विरून जात असे. फोनमधली विरत नाही. ज्या गुणासाठी हे यंत्र आपण वापरतो, तोच त्याचा धोका आहे, हे मला त्या दिवशी समजले.

दिवाळीच्या सुमारास आईंनीच मला हाक मारली. म्हणाल्या, "तुझा तो फोन आण. पण म्हटलेलं आधी मला ऐकव. मी ठेव म्हटलं तर ठेव, नाही तर पूस." तेव्हापासून आमचा तो नियम आहे. आजपर्यंत सुमारे सत्तर ओव्या झाल्या, त्यांतल्या चौदा त्यांनी पुसावयास लावल्या. कोणत्या, ते मी विसरण्याचा प्रयत्न करते. आजची ही हकीकत सांगण्यापूर्वी मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "घडलं ते सांग, ओवीचे शब्द सांगू नकोस." म्हणून शब्द मी सांगितले नाहीत, आणि ह्या स्मरणिकेतही ते छापले जाणार नाहीत.

आता कोणी म्हणेल, मनातले दुःख बोलल्याने काय होते? ह्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेले आहेत. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्याने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. इतरांना साध्यासुध्या विषयांवर. प्रसंग आणि त्या वेळची भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढील सहा महिन्यांत त्यांना डॉक्टरकडे कमी वेळा जावे लागले. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. हा परिणाम बेताचाच असतो आणि सर्वांना सारखा लागू पडत नाही, असेही त्यांतून दिसले. म्हणून ओवी म्हणजे औषध असे मी म्हणणार नाही. पण आपल्या आज्या रोज पहाटे जे करीत होत्या, त्याची दखल शास्त्राला घ्यावीशी वाटली, एवढे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच संदर्भात आणखी एक गोष्ट. जुन्या जखमेवरची खपली निघाली आणि मन सावरेना, तर गाणे पुरत नाही. जाणत्याची मदत घ्यावी. ठाण्याचे नाव निघाले की वेड्यांच्या इस्पितळाची थट्टा करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ते मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे, आणि तेथे आपल्यासारख्याच घरांतली माणसे उपचारासाठी जातात. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, आणि मन आजारी पडण्यापूर्वीच त्याची काळजी घ्यावी हा विचार आपल्या भागात घरोघर पोचविला. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनीवरची सेवा सुरू झाली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन हा ओवी टिपण्यासाठी आहे तसाच ह्यासाठीही आहे. फोनच्या पलीकडे ऐकणारे माणूस आहे, हे महत्त्वाचे.

आईंच्या गोष्टीनंतर आपल्या मंडळातल्या आम्ही सहाजणींनी एक काम सुरू केले, ते आपणांस ठाऊक आहे. घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांची गाणी आम्ही टिपतो. आपल्या भोवतालच्या आगरी गावांत लग्नात धवले म्हणणारी धवलारीण असते. तिच्याकडे केवढा ठेवा आहे! कोणी कोकणातली, कोणी खानदेशातली, कोणी घाटावरची. डोंबिवलीत सगळा महाराष्ट्र एका जिन्यावर राहतो. आमचे नियम चारच. पहिला, विचारल्याशिवाय यंत्र सुरू करावयाचे नाही. दुसरा, म्हटलेले गाणारीला तिथेच ऐकवावयाचे, आणि ती म्हणेल तर तिच्यासमोर पुसावयाचे. तिसरा, गाणारीचे नाव आणि गाव वहीत लिहावयाचे. तिची इच्छा नसेल तर तेही नाही. चौथा, एक प्रत तिच्या घरी द्यावयाची. टिपणारी बाई तिथे पाहुणी आहे, मालकीण नव्हे, हे ह्या चारही नियमांचे सार.

आता नव्या यंत्रांविषयी दोन शब्द, नाही तर आपल्या मुली म्हणतील की आई जुन्यातच रमली. बोललेले ऐकून आपोआप लिहून काढण्याची सोय हल्ली फोनमध्ये असते. आम्ही ती वापरून पाहिली. आईंचा 'वैरण' हा शब्द फोनने 'वॉरंट' असा उमटविला! आम्ही खूप हसलो. पण नंतर मला वाटले, हा दोष एकट्या यंत्राचा नाही. त्याला जी भाषा ऐकवली तीच ते शिकले. मुरबाडची बोली, आगरी बोली, खानदेशी बोली त्याच्या कानावर फारशी पडलीच नाही. आपणच आपल्या आज्यांचे बोलणे अडाणी म्हणून बाजूला ठेवले, तर यंत्राने ते कुठून शिकावे?

आणि आता तर सांगितले की गाणे रचून देणारे यंत्रही आले आहे. माझ्या नातीने त्याला ओवी करावयास सांगितले. दोन क्षणांत दहा ओव्या आल्या. यमके जुळलेली, जाते होते, पहाट होती, माहेरही होते. आईंनी त्या ऐकून घेतल्या आणि विचारले, "ही कुठली म्हणायची? हिला किती मुलं?" नात गप्प झाली. मी त्या यंत्राला नावे ठेवीत नाही. शब्द अडला तर सुचवावयास, चाल लक्षात आणून द्यावयास त्याचा उपयोग होईलच. पण ओवी ऐकून आपण गाणारीपर्यंत पोचतो, आणि खिडकीत उभी असलेली सासू आपल्याला चाळीस वर्षांनी का होईना कळते. यंत्राच्या ओवीमागे कोणी उभेच नसेल, तर आपण पोचावयाचे कोणापर्यंत?

म्हणून ते यंत्र बाजूला ठेवून आम्ही सहाजणींनी एके दिवशी स्वतःच ओव्या करून पाहिल्या. सगळ्याजणी आयुष्यभर गाडीने गेलेल्या. आमचे दळण ते गाडीतच झाले. आमच्यातल्या एकीने केलेली ही ओवी तिच्या परवानगीने सांगते :

गाडीच्या गर्दीमंदी, कुणी धरीला माझा हात
नाव ना गाव ठावं, तरी बहीण जन्मजात

हिला कोणी कविता म्हणो वा न म्हणो. ती केली त्या दिवशी सत्तरीची ती बाई शाळेतल्या मुलीसारखी लाजली होती. निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी माझे स्वतःचे केले, असे ती म्हणाली. आईंना ती ऐकविली तेव्हा त्यांनी विचारले, "मग ती गाडीतली बाई पुन्हा भेटली का?" तिला ओवी पोचली, हे आम्हांस त्या प्रश्नावरून कळले.

भगिनींनो, मी आपणांस एकच मागणे करते. आज घरी गेल्यावर आपल्या सासूबाई, आई, आत्या, मावशी, ज्या कोणी असतील त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. फोन लगेच बाहेर काढू नका. आधी विचारा, "तुम्ही दळताना काय म्हणत होता?" पहिल्या दिवशी त्या "आता काय आठवतंय" म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. ऐंशीच्या पुढच्या बायका आपल्या इमारतींत बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही यंत्राला परत आणता येणार नाही. ज्या जे सांगणार नाहीत, ते त्यांचे त्यांच्यापाशी राहू द्या. ज्या जे सांगतील, ते नीट सांभाळा.

आपले मंडळ असेच भरभराटीस येवो, आणि पुढच्या वर्धापनदिनी ह्या जागी माझ्याऐवजी आपल्यातलीच एखादी आजी बसून दोन ओव्या म्हणो, अशी इच्छा व्यक्त करते.